पाच मिनिटांवर विमानतळ



गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला. हातात गुळगुळीत कागदाची एक जाहिरात होती. हिरवळ, पोहण्याचा तलाव, हसरे कुटुंब आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले, 'विमानतळापासून फक्त पाच मिनिटांवर आपले हक्काचे घर'. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या बाजूला, पनवेलकडे, वन रूम किचनची जागा. भाचा एका कुरिअर कंपनीत कामाला आहे. त्याचे वडील म्हणजे आमचे दाजी महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झाले, त्यांच्या फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत आहे. ती घालायची आणि उरलेले कर्ज काढायचे, असा बेत. टोकनचे अकरा हजार भरूनही झाले होते. "मामा, तुम्ही बी. कॉम. आहात, जरा कागद बघून द्या," असे तो म्हणाला.

कागद मी बघितले. महारेराचा नंबर होता, हप्त्यांचा तक्ता होता, पार्किंगचे वेगळे पैसे होते. एक गोष्ट मात्र त्या चाळीस पानांत कुठेही नव्हती. विमान या इमारतीच्या किती जवळून आणि दिवसातून किती वेळा जाणार, याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.

मी म्हटले, "चल, तुझ्या आईलाच विचारू." भाचा हसला. त्याची आई म्हणजे माझी ताई. ती कुर्ल्याच्या पुढे जरीमरीला राहते. मुंबई विमानतळाच्या मोठ्या धावपट्टीचे पूर्वेकडचे टोक तिच्या घरापासून खरोखरच पाच मिनिटांच्या चालीवर आहे. ताईने जाहिरात हातात घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, "पाच मिनिटांवर विमानतळ म्हणजे काय ते मला विचार. पस्तीस वर्षं झाली, एक वाक्य सलग बोलू दिलं नाही त्यानं."

ओट्यावरचा एक तास

त्या संध्याकाळी मी ताईच्या ओट्यावर घड्याळ लावून बसलो. मी हिशेबाचा माणूस, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. सात ते आठ या एका तासात डोक्यावरून एकवीस विमाने उतरली. विमान येताना आधी भांड्यांची मांडणी बारीक थरथरते, मग पत्रा, मग सगळे घर आवाजाने भरून जाते. सुमारे वीस सेकंद समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. ताई बोलता बोलता थांबते, हातातली पोळी लाटत राहते आणि विमान गेले की तोच शब्द पुढे चालू करते. तिला आपण थांबतो हे कळतही नाही. त्या गल्लीत सगळेच असे बोलतात. रविवारी विहारात वंदना चालू असतानाही तेच होते. विमान आले की सगळे क्षणभर गप्प आणि ते गेले की पुढची ओळ.

आता हिशेब पाहा. एकवीस विमाने, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे चारशेवीस सेकंद. तासाला सात मिनिटे. एखादे मूल संध्याकाळी तीन तास अभ्यासाला बसले तर एकवीस मिनिटे आवाजात गेली. त्याहून मोठे नुकसान या आकड्यात दिसत नाही. गणित अर्ध्यावर असताना मन तुटले की ते परत जुळायला वेळ लागतो. एका तासात एकवीस वेळा तुटलेले मन कितीदा जुळेल?

आधी विमानतळ की आधी वस्ती?

हा विषय काढला की काही शहाणे लोक लगेच म्हणतात, "विमानतळ आधीपासून होता, तुम्ही तिथे राहायला गेलातच कशाला?" म्हणून थोडा इतिहास पाहू.

सांताक्रूझचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलासाठी बांधला गेला. युद्धानंतर तेथून प्रवासी विमाने सुरू झाली. १९६० साली एअर इंडियाची बोईंग ७०७ ही जेट विमाने आली आणि त्यांच्यासोबत जेटचा कर्कश आवाजही आला. १९८१ मध्ये सहारला आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले. २०१४ मध्ये नवे टर्मिनल झाले. २०१८ साली तर एकाच दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा या विमानतळाने हाताळली. दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकीचाच उपयोग होतो आणि बहुतेक सारा भार मोठ्या धावपट्टीवर पडतो. विमान वाऱ्याला सामोरे ठेवून उतरवतात आणि उडवतात. मुंबईत वारा बहुधा पश्चिमेकडून, समुद्राकडून येतो. म्हणून विमाने घाटकोपर, कुर्ला, जरीमरीवरून येऊन उतरतात आणि पार्ले-जुहूच्या बाजूने समुद्रावर उडून जातात.

सहार, मरोळ ही गावे तर विमानतळाच्या कितीतरी आधीची. तेथे ईस्ट इंडियन समाजाची जुनी वस्ती आहे. राहिला प्रश्न आपल्या झोपडपट्ट्यांचा. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी माणसे मुंबईला आली, त्यांत दाजींचे वडीलही होते. त्यांनी विमानतळाच्या कुंपणालगत झोपडी बांधली, कारण काम तिथेच होते. खडी फोडायला, सिमेंट वाहायला, पुढे सामान चढवायला आणि संडास धुवायला माणसे लागत होती. त्या माणसांच्या राहण्याची सोय कुणी केली नाही. आज विमानतळाच्या जागेवर सुमारे ऐंशी हजार कुटुंबे असल्याचे सांगितले जाते. जो विमानतळ त्यांच्या कष्टावर चालतो, त्याने त्यांना 'तुम्ही इथे कशाला आलात' असे विचारणे बरे दिसत नाही.

आवाजाचे माप

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप आपल्या फूटपट्टीसारखे सरळ नसते. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. वीस डेसिबल वाढले तर शक्ती शंभरपट आणि कानाला चौपट. घरातले साधे बोलणे साठ डेसिबलच्या आसपास असते. याहून मोठा आवाज वरून आला की बोलणे बुडते.

उतरणारे विमान सुमारे तीन अंशांच्या उतारावरून खाली येते. धावपट्टीच्या टोकापासून दोन किलोमीटरवर ते जेमतेम सव्वाशे मीटर उंचीवर असते, म्हणजे चाळीस मजली इमारतीएवढे. पाच किलोमीटरवर तीनशे मीटरच्याही खाली असते. घर या सरळ रेषेत असेल तर आवाजाचा सगळा मारा अंगावर येतो. तेवढ्याच अंतरावर, पण धावपट्टीच्या बाजूला असलेल्या घराला तो बराच कमी लागतो. म्हणून 'पाच मिनिटांवर' या शब्दाला काही अर्थ नाही. कोणत्या दिशेला पाच मिनिटे, हे महत्त्वाचे.

आवाज अडवते ते वजन. जाड विटेची भिंत आवाज अडवते, काँक्रीटचा स्लॅब अडवतो. पातळ पत्रा जवळजवळ काहीच अडवत नाही, उलट स्वतःही थरथरतो. म्हणजे एकाच विमानाखाली स्लॅबच्या घरातला माणूस आणि पत्र्याच्या घरातला माणूस सारखे भोगत नाहीत. श्रीमंताच्या घरी दुहेरी काचा आणि वातानुकूलन यंत्र असते, तो खिडकी बंद करून झोपतो. एप्रिल-मे महिन्यात जरीमरीच्या दहा बाय बाराच्या खोलीत खिडकी बंद करून कोण झोपेल?

सवय होते, पण कुणाला?

"आम्हाला सवय झाली," असे ताई म्हणते. गल्लीतले सगळेच म्हणतात. मनाला सवय होते हे खरे आहे. शरीराला ती पूर्ण होत नाही. झोपेत विमानाचा आवाज कानावर पडला की माणूस जागा झाला नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो आणि ताणाची द्रव्ये रक्तात सुटतात. गाढ झोप उथळ होते. सकाळी माणूस उठतो तो थकलेलाच.

युरोपातील सहा मोठ्या विमानतळांभोवतीच्या हजारो लोकांची तपासणी करून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्रीच्या विमानांचा आवाज जिथे जास्त, तिथे उच्च रक्तदाबाचे प्रमाणही जास्त असल्याचे त्यात दिसले. २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाभोवतीच्या सुमारे ३६ लाख रहिवाशांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सर्वांत जास्त आवाजाच्या भागात पक्षाघात आणि हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचा धोका अधिक आढळला. विमानाखाली राहणाऱ्या प्रत्येकाला हे होईलच असे नाही. खाणे, तंबाखू, वय, काळजी अशी दुसरी कारणेही असतात. पण दाजींना पंचेचाळिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी लागली, तेव्हा डॉक्टरांनी मिठाबद्दल विचारले, विडीबद्दल विचारले. रात्री झोप कशी लागते आणि घर कुठे आहे, हे कुणी विचारले नाही.

आवाजासोबत भीतीही असते. २८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या भरवस्तीत एक छोटे विमान कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी असे पाच जण गेले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला उड्डाण करताच मोठे विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले. त्यानंतर कितीतरी दिवस जरीमरीतल्या बाया विमान आले की वर बघत होत्या. असे अपघात विरळाच होतात, हे खरे. तरीही ज्या आवाजाला भीती चिकटली, तो आवाज कानाला अधिक टोचतो.

मुलांच्या अभ्यासाचे काय?

आपल्या घरांत मुलाचे शिक्षण हीच खरी मिळकत. म्हणून हा भाग नीट वाचावा.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विमानतळाजवळच्या शाळांतील मुलांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. शांत भागातील मुलांच्या तुलनेत या मुलांचा रक्तदाब अधिक होता. अवघड कोडे दिले तर ती ते लवकर सोडून देत. आपण काही केले तरी आवाज थांबत नाही, ही हतबलता मुलाच्या मनात मुरते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

२००५ मध्ये लंडन, अॅमस्टरडॅम आणि माद्रिद येथील विमानतळांभोवतीच्या ८९ शाळांतील २,८०० हून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुले नऊ-दहा वर्षांची होती. विमानाचा आवाज जसा वाढतो तशी वाचून समजण्याची क्षमता कमी होते, असे दिसले. इंग्लंडमध्ये आवाज पाच डेसिबलने वाढला तर मूल वाचनात सुमारे दोन महिने मागे पडत होते. आईवडिलांची परिस्थिती, शिक्षण हे सगळे लक्षात घेऊन काढलेला हा निष्कर्ष आहे.

सर्वांत बोलका दाखला जर्मनीचा. म्युनिक शहराचा जुना विमानतळ मे १९९२ मध्ये बंद झाला आणि दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची आधी आणि नंतर अशी तपासणी केली. जुन्या विमानतळाजवळची मुले वाचनात आणि लक्षात ठेवण्यात मागे होती. विमाने थांबल्यावर ती सुधारली. नव्या विमानतळाजवळची मुले आधी चांगली होती, विमाने सुरू झाल्यावर ती मागे पडू लागली.

यात दोन गोष्टी आहेत. एक, मुलाची बुद्धी कमी नव्हती, आवाज जास्त होता. आवाज गेला तर मूल सावरते. आपल्या मुलाला 'ढ' म्हणण्यापूर्वी हे आठवावे. दुसरी गोष्ट आपल्या भाच्यासाठी. नवा विमानतळ आला की ते दुखणे नव्या घरांत जाते.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात २००० सालचे ध्वनी प्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आवाजाबद्दल मोठा निकाल दिला आणि घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काशी शांततेचा संबंध जोडला. आपल्या घरात नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही, असा त्याचा आशय आहे.

विमानतळाभोवतीच्या पट्ट्यासाठी मात्र २०१८ साली वेगळी मर्यादा ठरली. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाला दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. म्हणजे साध्या वस्तीला रात्री ४५ आणि विमानतळाशेजारच्या वस्तीला ६५. फरक वीस डेसिबलचा, शंभरपट शक्तीचा. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच २०१८ साली युरोपसाठी शिफारस केली, की विमानाचा आवाज रात्री ४० डेसिबलच्या खाली असावा.

शिवाय ही मोजणी सरासरीची असते. आमच्या कचेरीत साहेबांचा आणि शिपायाचा पगार मिळवून सरासरी काढली तर कागदावर शिपाईही सुखी दिसेल. विमान गेल्यावरची शांतता आणि विमानाचा कडकडाट यांची सरासरी तशीच. झोप मोडते ती सरासरीने नव्हे, त्या एका कडकडाटाने मोडते.

रात्रीचाही प्रश्न आहे. जर्मनीत फ्रँकफर्ट विमानतळावर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणांना बंदी आहे. लंडनच्या हीथ्रोवर रात्रीच्या विमानांची संख्या बांधलेली आहे. आपल्याकडे परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. वेळेतला फरक हे एक कारण आहे. पण तिकडच्या माणसाची झोप नियमाने राखली जाते, तर इकडच्या माणसाच्या झोपेचा निदान विचार तरी व्हावा, ही मागणी अवास्तव नाही. दिल्लीत २००८ साली तिसरी धावपट्टी सुरू झाली, तेव्हा वसंत कुंज, बिजवासन भागांतील रहिवासी एकत्र येऊन दाद मागायला गेले. सुखवस्तू वस्तीतली माणसे जे करू शकतात ते आपणही करू शकतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. आजचे विमान १९६०-७० च्या विमानापेक्षा बरेच शांत आहे. इंजिने सुधारली आहेत. पण एकेका विमानाचा आवाज कमी झाला आणि विमानांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. ताईच्या जमाखर्चात शिल्लक काही पडली नाही.

घरात काय करता येईल?

खर्चिक उपाय सांगून उपयोग नाही. जे जमेल ते सांगतो.

आवाज फटीतून येतो. जिथून वारा येतो तिथून आवाज येतो. पत्रा आणि भिंत यांमधली, दाराखालची, खिडकीच्या चौकटीची फट बुजवल्याने फरक पडतो. मात्र गॅस किंवा स्टोव्ह असलेल्या खोलीची हवा पूर्ण बंद कधीही करू नये, त्यात जीव जाऊ शकतो.

पत्र्याखाली प्लायवूड किंवा जिप्समचे जड आढे लावले आणि मध्ये पोकळी ठेवली, तर आवाज आणि उन्हाळा दोन्ही कमी होतात. थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावू नयेत. ती वस्तू हलकी, तिने आवाज अडत नाही आणि आग मात्र झटकन धरते.

विमानाच्या बाजूच्या भिंतीला कपड्यांनी भरलेले कपाट लावावे. लहान मुलाची आणि आजारी माणसाची झोपण्याची जागा खिडकीपासून दूर ठेवावी. कानातला कापूस फारसे काम करत नाही. औषधाच्या दुकानात फोमची बोंडे मिळतात, ती मोठ्या माणसाने नीट बसवली तर फायदा होतो. तान्ह्या मुलाच्या कानात काहीही घालू नये.

विमानाच्या आवाजावर मात करायला टीव्ही मोठा करतात. तो मोठाच राहतो आणि घरात दुसरे विमान तयार होते. ही सवय सोडावी. पंचेचाळिशीपुढच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब तपासावा आणि आपले घर विमानाखाली आहे हे डॉक्टरांना सांगावे.

वस्तीने काय करावे?

एकट्याच्या घरात जे जमत नाही ते सगळ्यांच्या जागेत जमते. समाजमंदिरात किंवा विहाराच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी एक शांत खोली करता येईल. स्लॅबचे छत, जाड भिंत, दुहेरी काच आणि एक वातानुकूलन यंत्र. एवढे एकच काम आमदार-खासदार निधीतून मागावे. रस्त्याच्या कमानीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. दहावी-बारावीच्या पंचवीस-तीस मुलांना संध्याकाळी तीन तास शांततेत बसता आले, तर त्या वस्तीचे निकाल बदलतील अशी माझी खात्री आहे.

तक्रार करताना पुरावा हवा. आठ दिवस रोज रात्री दहा ते सकाळी सहा कोणत्या वेळी विमान गेले याची वही ठेवा. पाळीपाळीने बसा. मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय असते, ती तंतोतंत नसते पण अंदाज देते. मोठ्या विमानतळांवर आवाज मोजणारी यंत्रे बसवलेली असतात. त्यांचे आकडे काय आहेत, आपली वस्ती विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात धरली आहे का, हे माहितीच्या अधिकारात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारा. मी स्वतः काही वर्षांपूर्वी वस्तीच्या सह्या घेऊन एका कचेरीत अर्ज दिला होता. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. चूक माझीही होती. अर्जात आम्ही 'फार त्रास होतो' एवढेच लिहिले होते, आकडा एकही नव्हता. आकड्याशिवाय अर्ज म्हणजे रकमेशिवाय चेक.

भाच्याच्या घराचे काय झाले?

नवी मुंबईचा विमानतळ दहा गावे हलवून उभा राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर विमाने सुरू झाली. त्याच्या धावपट्ट्यांची दिशा पूर्व-पश्चिम आहे. सुरुवातीला विमाने थोडी असतात. तेव्हा घर बघायला गेलेल्या माणसाला सगळे शांत वाटते. पाच-दहा वर्षांनी विमाने वाढतील, कर्जाचे हप्ते मात्र वीस वर्षे चालणार.

एका रविवारी आम्ही तिघे, मी, भाचा आणि दाजी, त्या जागेवर गेलो. नकाशावर धावपट्टीची रेघ पट्टी लावून पुढे वाढवली. ती रेघ भाच्याच्या इमारतीच्या जवळून गेली. विक्रीच्या कचेरीतल्या तरुणाला मी विचारले, "विमानाचा आवाज किती येईल?" तो म्हणाला, "काका, खिडकी बंद केली की काही नाही." दाजी आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "बाळा, आम्ही खिडकी बंद करायला घर घेत नाही."

टोकनचे अकरा हजार परत मिळवायला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. आता भाचा त्याच भागात, पण रेघेपासून बाजूला असलेली जागा बघतो आहे. स्टेशनपासून थोडी लांब आहे, जाहिरातही साध्या कागदावर आहे. रात्री दहानंतर तिथे जाऊन तासभर बसायचे आणि मगच पैसे भरायचे, असे त्याने ठरवले आहे.

आणि ताई? तिला तिथे चला म्हटले तर ती तयार नाही. तिची माणसे जरीमरीत आहेत. तिच्या शेजारची नात यंदा दहावीला आहे. ताई तिला रोज पहाटे चार वाजता उठवते, विमाने जरा कमी असतात त्या वेळेला. चहा करून देते आणि स्वतः दाराशी बसून राहते.

ती शांत खोली त्या मुलीसाठी हवी आहे. ज्या वस्त्या विमानाखाली आहेत, त्यांनी आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा एकच विषय घ्यावा आणि काय ठरले ते मला पत्राने कळवावे. पुढच्या महिन्यात आम्ही जरीमरीत वही ठेवायला सुरुवात करणार आहोत. पहिली पाळी माझी आहे.